आईचीही कातडी धरत नाही

माझ्या मुलीची जखम माझ्याआधी तिच्या सावत्र आईने पाहिली. त्या दिवसांतलं आणखी खूप काही मला आठवतं, पण कुणी विषय काढला की पहिल्यांदा हेच वर येतं.

मी कोरगावची. घटस्फोट झाल्यावर परत इथेच आले, भावाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहते आणि पेडण्याला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकुनी करते. मुलीचे पप्पा डिचोली तालुक्यात, लाटंबार्सेला असतात. पूर्वी त्यांचा ट्रक खाणीवर होता. खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांनी तोच ट्रक वास्कोच्या बंदरातून माल आणायला लावला. आमच्यात मारहाण नव्हती, दारू नव्हती. बोलणं संपलं होतं. मुलगी माझ्याकडे राहील आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार त्यांच्याकडे जाईल, असं ठरलं. तिला घरात सगळे बाय म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं. बायको दोडामार्गाकडची, माझ्याहून बरीच लहान. बायने तिला काय म्हणायचं हा प्रश्न आला तेव्हा 'मावशी म्हण' असं मीच सुचवलं. सगळ्यांना ते माझं मोठेपण वाटलं. खरं म्हणजे ती चुकून 'आई' म्हणेल अशी मला भीती होती.

बाय नववीत होती तेव्हाची गोष्ट. पप्पांकडे गेली होती. रविवारी सकाळी ती सायकल घेऊन कोपऱ्यावर पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, उंडे आणायला गेली. तिथे एक टेम्पो मागे येत होता. चालवणाऱ्याला ती दिसली नाही. सायकलीसकट ती खाली पडली आणि मागचं चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं. हाड फार मोडलं नाही, पण गुडघ्याखालची कातडी मोजा उतरवावा तशी घोट्यापर्यंत सोलून निघाली.

पप्पा त्या वेळी वास्कोला होते. घरात त्यांची बायको एकटीच होती. लोकांचा आवाज ऐकून ती धावली, अंगावरच्या ओढणीने पाय गुंडाळला आणि ॲम्ब्युलन्समध्ये तो पाय मांडीवर धरून बसली. मी इस्पितळात पोचले तेव्हा बायला आत नेलं होतं आणि ही बाहेर उभी होती. तिच्या सलवारीवर, हातांवर, गळ्याजवळ माझ्या मुलीचं रक्त सुकलं होतं. माझ्या अंगावर तर ऑफिसला नेसते ती इस्त्रीची साडी होती. भावाने बातमी सांगितली तेव्हा घाईत तीच हाताला लागली. तिच्याशेजारी मला मी कुणी पाहुणी म्हणून भेटायला आल्यासारखं वाटलं.

दोष द्यायला मी पुष्कळ शोधलं. सायकल घेऊन का पाठवली, हे विचारलं. ती म्हणाली, "बायच म्हणाली मी जातंय म्हणून. माका चुलीवरसून हलाक जमला नाय." बाय माझ्याकडेसुद्धा रोज सायकलने दुकानात जायची.

पहिल्या ऑपरेशनमध्ये जखम धुतली, हाडाला बाहेरून सळ्या लावल्या आणि सोललेली कातडी परत जागेवर पसरून ठेवली. ती जगते का ते बघू म्हणाले. ती जगली नाही. हळूहळू काळी पडत गेली आणि थोडी थोडी करून कापून टाकावी लागली. प्लास्टिक सर्जरीच्या ज्या डॉक्टर होत्या, त्या शांतपणे बोलायच्या. त्यांनी आम्हा तिघांना एकत्र उभं करून समजावलं. आधी मेलेलं सगळं काढायचं. मग जखमेवर स्पंज बसवून वरून प्लास्टिक लावायचं आणि नळीने ते मशीनला जोडायचं. मशीन आतली घाण ओढून घेतं आणि तळाला नवीन मांस धरायला लागतं. जखम लाल झाली की मग ती झाकायची.

"किती दिवस?" पप्पांनी विचारलं.

"जखम सांगेल," डॉक्टर म्हणाल्या.

बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईमाणूसच लागतं, त्यामुळे पप्पा बाहेरच्या बाकावर. आत राहायचं ते मी नाहीतर तिने. मी ऑफिसातून रजा काढली होती. एकटीनेच सगळं करीन असा माझा हिशेब होता. तो पहिल्या ड्रेसिंगलाच मोडला.

ड्रेसिंगच्या खोलीत मी बायच्या डोक्याशी उभी होते. ब्रदरने पट्टी ओली करत करत सोडवली. शेवटचा गॉज निघाला आणि मला तांबड्या मांसात पांढरं, चकचकीत, दोरीसारखं काही दिसलं. ते काय आहे हे माझ्या लक्षात यायच्या आत डोळ्यांसमोर काळोख आला. शुद्धीवर आले तेव्हा मी खाली बसले होते आणि सिस्टर माझ्या तोंडावर पाणी मारत होती. "आता आम्ही हिच्याकडे बघायचं की तुमच्याकडे?" ती म्हणाली. रागाने नाही, पण मला ते झोंबलं. टेबलावरून बायचा रडवेला आवाज आला, "आई, तू बाहेर राव. मावशीक बोलाव."

मावशी आली. मी बाहेर गेले. दार बंद झालं आणि मी त्या हिरव्या दाराकडे बघत उभी राहिले. आतून बायचं ओरडणं ऐकू येत होतं, मध्येच मावशीचा बारीक आवाज, "झाला गो, झाला, आता थोडाच रवला." बायचं ओरडणं मला सहन होत होतं. तो दुसरा आवाज सहन होत नव्हता.

त्यानंतर दर ड्रेसिंगला तीच आत. मी बाहेर. बाकी सगळं मी करायची. बेडपॅन, केस विंचरणं, मऊ भात कुलेरीने भरवणं, शाळेच्या बाईंना फोन. ती दुपारी यायची, ड्रेसिंग करून घ्यायची, थोडं बसून जायची. पण बायचा दिवस त्या एका तासाभोवती फिरायला लागला. सकाळपासून विचारायची, "मावशी कधी येतली?"

दोघींची एक भाषाच तयार झाली होती. बायला स्वतःचा पाय बघायचा धीर नव्हता, म्हणून मावशी तिला सांगायची. आज कोपऱ्यात पिवळं आहे. आज घोट्याजवळ स्वच्छ आहे. एक दिवस दोघी ड्रेसिंगहून परत आल्या त्या हसत. बाय म्हणाली, "आई, मावशी म्हणता पाय आता भिरंडीच्या सोलासारखो लाल जाला." कोकमाच्या सालीसारखा लाल म्हणजे चांगलं, हे मलाही कळत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतंच. पण ही बातमी मला तिच्या तोंडून, तिने ठरवलेल्या शब्दांत मिळाली. मी म्हटलं, "हो का," आणि पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली अर्धी भरलेलीच होती.

तिच्या फोनमध्ये जखमेचे फोटोही होते. बायनेच काढायला लावले होते, पुढे कधीतरी बघीन म्हणून. एकदा मी आले तर दोघींची डोकी फोनवर एकत्र वाकलेली. बाय पहिल्यांदाच स्वतःचा पाय बघत होती. मला बघताच मावशीने फोन उलटा ठेवला.

"दाखव मला," मी म्हटलं.

"तुमका बगवाचा नाय ताई," ती म्हणाली. काळजीनेच म्हणाली. त्या वेळी मला तिची काळजीच नको होती.

"माझी मुलगी आहे ती."

"तां आसाच," ती म्हणाली आणि फोन माझ्यासमोर धरला. मी घेतला. पहिला फोटो उघडा होता. मी तो मोजून एक श्वास बघितला असेल. मी फोन परत दिला आणि ठीक आहे म्हटलं. बाय माझ्याकडे बघत होती. तिला कळलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की जखम झाकायला तयार आहे. घोट्याजवळ हाड उघडं होतं. तिथे नुसती पातळ कातडी लावून भागणार नव्हतं, कारण उघड्या हाडावर ती जगत नाही. तिथे मांडीवरचा जाड तुकडा, कातडी, चरबी आणि आतली रक्तवाहिनी असा सगळा मिळून उचलायचा, घोट्यावर बसवायचा आणि ती रक्तवाहिनी मायक्रोस्कोपखाली पायातल्या रक्तवाहिनीला जोडायची. पोटरीवर खाली लाल मांस होतं, तिथे दुसऱ्या मांडीची पातळ साल काढून पसरायची.

म्हणजे धड मांड्यांवरही जखमा होणार. मी डॉक्टरांच्या मागोमाग कॉरिडॉरमध्ये गेले. आधीपासून मनात होतं ते विचारलं.

"तिची कशाला काढता? माझी घ्या ना. माझ्या मांडीची घ्या, पाठीची घ्या. कितीही घ्या."

त्या थांबल्या. त्यांना हा प्रश्न नवीन नसावा. "दुसऱ्याची कातडी थोडे दिवस टिकते, मग शरीर ती टाकून देतं. कायमची तिची स्वतःचीच लागते."

"मी दुसरी नाही. मी आई आहे."

"आईचीही धरत नाही," त्या म्हणाल्या. मग बहुतेक माझा चेहरा बघून त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "देता आली असती तर रांग लागली असती हो इथे."

मी परत खाटेपाशी आले तेव्हा मावशी बायच्या पायाशी बसून तिच्या धड पावलाला तेल लावत होती. मला वाटलं होतं, आत जायला जमलं नाही, बघायला जमलं नाही, तरी एक गोष्ट अशी असेल की जी फक्त मीच देऊ शकते. तीही नव्हती. त्या बाबतीत मी आणि ती सारख्याच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक छोटा विजय मिळाला. सिस्टर कागद घेऊन आली आणि तिने विचारलं, "आई कोण?" आम्ही दोघीही खाटेपाशी उभ्या होतो. मावशी एक पाऊल मागे सरली. मी पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहून सही केली, नेहमीपेक्षा जरा मोठी. सही करताना मी तिच्याकडे बघितलंसुद्धा. ती खिडकीकडे बघत होती.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. पप्पांना एका जागी बसवेना, ते खाली गेटपर्यंत जाऊन येत होते. बाकावर आम्ही दोघीच. तिने पावभाजीचं पार्सल आणलं होतं. मी नको म्हटलं, तिनेही खाल्लं नाही. बराच वेळ गेल्यावर मी तिला विचारलं. विचारण्यात कौतुक नव्हतं, टोचणीच होती.

"तुला काहीच होत नाही का गं? एवढं उघडं मांस बघताना?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "माका ओकारी येता ताई."

"म्हणजे?"

"दर टायमाक. ड्रेसिंग झाला की मागच्या बाथरूमात जातंय. ओकतंय, तोंड धुतंय, मगे येतंय." तिने पार्सलच्या पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली. "पयल्या दिवशी गाडयेत तर माझ्या हातात तिची कातडी सुटी होती. तां अजून माका झोपेत दिसता. पण बायक सांगू नकात हां. तिका वाटता माका भय नाय. म्हणान ती गप रवता."

माझ्या हातात आता एक गोष्ट आली होती. बायला सहज सांगता आलं असतं, तुझी मावशीसुद्धा घाबरते. ते मी कधी सांगितलं नाही, आणि त्यात माझा काही चांगुलपणा नव्हता. त्या बाकावर मला जे वाटलं ते आधीच्यापेक्षा वाईट होतं. तोवर मी स्वतःची समजूत घातली होती की तिचं काळीज वेगळं, रानात वाढलेली, गुरं-ढोरं कापलेली बघितलेली, तिला जमतं. तिला जमत नव्हतंच. मला जे होतं तेच तिलाही होत होतं. फरक इतकाच की ती दारातून आत जात होती. त्यानंतर तिचा हेवा करायला माझ्याकडे पहिल्यापेक्षा चांगलं कारण होतं.

दिवे लागायच्या वेळेला डॉक्टर बाहेर आल्या. जोडलेल्या तुकड्यात रक्त जातंय म्हणाल्या. पुढचे काही दिवस सिस्टर सारख्या येऊन घोट्यावरच्या त्या तुकड्याला बोट लावून रंग बघत, दाबून सोडत, ऊब बघत. मांड्यांवरच्या जखमा बायला पायापेक्षा जास्त दुखत होत्या. पोटरीवरची पट्टी मात्र कुणी हलवली नाही. कातडी धरली की नाही ते पट्टी उघडल्यावरच कळणार होतं.

उघडायच्या दिवशी मी बायला म्हटलं, "आज मी येते आत."

"तू पडतली."

"बसून राहीन. स्टुलावर."

तिने दाराकडे बघितलं. मावशी यायची वेळ झाली होती. "मावशी पण येऊंदी," ती म्हणाली.

"एकीलाच सोडतात."

ती थोडा वेळ पांघरुणाचं टोक चुरगळत राहिली. मग "बरं" म्हणाली. तिने आनंदाने म्हटलं असं मला लिहिता आलं असतं, पण तसं नव्हतं. मी मागे हटत नव्हते म्हणून तिने मला घेतलं.

मी आदल्या दिवसापासून नीट जेवले नव्हते, म्हणजे ओकारी आली तरी पोटात काही नको. स्टुलावर बसले, बायचा हात घट्ट धरला. आधी तिच्या चेहऱ्याकडेच बघत होते. पट्टीचे थर निघत गेले. डॉक्टर वाकल्या, काही बोलेनात. तेव्हा मला बघावंच लागलं. पोटरीवर जांभळट गुलाबी रंगाची जाळी पसरली होती. जाळीच्या भोकांतून लाल दिसत होतं, कडेने पिना मारलेल्या. घोट्यावर मांडीचा तो गुबगुबीत तुकडा, रंगाने वेगळा, कुणा दुसऱ्याचा आणून ठेवल्यासारखा. कानांत घूं घूं व्हायला लागलं. मी डोकं गुडघ्यांकडे नेलं, परत वर केलं, आणि बघत राहिले.

"धरलंय," डॉक्टर म्हणाल्या. "एका कोपऱ्यात थोडं गेलंय, ते आपोआप भरेल. छान धरलंय."

"आई, धरला?" बायने विचारलं. ती छताकडे बघत होती.

"धरलं बाय."

"कसा दिसता?"

मावशीने काय सांगितलं असतं कोण जाणे. मी म्हटलं, "जाळीसारखं. गुलाबी आहे." बाय म्हणाली, "मावशीक सांग जा."

मी बाहेर आले. ती दाराशीच उभी होती, पर्स छातीशी धरून. मी म्हटलं, "धरलं." ती तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली आणि बाकावरून उठून आलेल्या पप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी त्या दोघांकडे बघितलं. मग मागच्या बाथरूममध्ये गेले. पोटात काही नव्हतं, नुसत्या कोरड्या उलट्या झाल्या.

घरी सोडलं तेव्हा बाय कुठे राहणार हा प्रश्न आला. माझी रजा संपली होती. दिवसभर तिच्यापाशी कुणीतरी हवं होतं, आणि ते माणूस लाटंबार्सेला होतं. पप्पा माझ्याशी फार जपून बोलले. मी त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच हो म्हटलं, म्हणजे त्यांना समजूत घालावी लागू नये. पुढचे काही महिने ऑफिस सुटलं की पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, तिथून मिळेल त्या बसने मी जात होते. आठवड्यातून तीनदा तरी. त्यांच्या घरात खुर्चीवर बसायची, चहा घ्यायची, आणि माझ्या वाट्याला आलेलं काम करायची. ते म्हणजे चट्ट्यांना खोबरेल तेल लावून चोळणं. डॉक्टरांनी रोज चोळायला सांगितलं होतं, नाहीतर कातडी कडक होऊन ओढते. सकाळी मावशी चोळायची, मी गेले की मी.

लावलेल्या कातडीला स्पर्श कळत नाही. कडेकडेने हळूहळू कळायला लागतो. एका संध्याकाळी बाय खाटेवर डोळे मिटून पडली होती, कानांत गाणी लावून. मी चोळत चोळत त्या गुबगुबीत तुकड्याच्या कडेला आले तसं तिने पाय जरा हलवला.

"आता कळता," ती म्हणाली. "मावशी, हांगा कळता गो."

"मी आहे," मी म्हटलं.

तिने डोळे उघडले. "हां, आई," ती म्हणाली आणि परत मिटले. मी चोळत राहिले. त्या दिवशी परतताना डिचोलीच्या स्टँडवर बस उशिरा आली, आणि तेवढा सगळा वेळ मी मनात तिला सांगत होते की माझे हात वेगळे आहेत, माझ्या हातांत बांगड्या नसतात, ओळखायला काय कठीण आहे.

आता बाय अकरावीत आहे. कोरगावला परत राहायला आली, शनिवार-रविवार पूर्वीसारखेच. घोट्यावरचा तुकडा मध्ये एकदा पातळ करून घेतला. लांब चालली की थोडी लंगडते. मावशीला आता स्वतःचा मुलगा आहे आणि बाय त्याच्यासाठी इथून खेळणी घेऊन जाते.

यंदा गणेश चवथीच्या आधी माझ्या वहिनीकडे सगळ्या मुली नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला जमल्या होत्या. बाय पाय लांब करून बसली होती, कारण मांडी घालायला अजून त्रास होतो. फ्रॉक गुडघ्यापर्यंतच होता. हल्ली ती लपवत नाही. वहिनीच्या नात्यातल्या एका लहान मुलीने विचारलं, तुझ्या पायाला काय झालं. मी कढईपाशी होते. हात थांबले माझे.

बायने सारण भरता भरता सांगितलं. चाक कसं गेलं, मशीन कसं घुरघुरायचं, मांडीची कातडी घोट्यावर कशी आली. "हांवें घोट्यार चिमटो काडलो तर कळना. पयली पयली मांडीक खाज येता अशें वाटतालें, पूण खाज घोट्यार." ती छोटी डोळे मोठे करून ऐकत होती. बायने सगळं सांगितलं, अगदी पिना कशा काढल्या तेही, आणि शेवटी त्या मुलीला बोट लावून बघायला दिलं.

त्या सगळ्यात माझं नाव एकदाही आलं नाही. मी वाट बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की मावशीचंही आलं नाही. मला बरं वाटलं. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "अगो, तेल जळता," आणि मी गॅस बारीक केला.